‘किल्ला’ सिनेमा दाखवला आणि वर्ग गप्प झाला. आता पुढच्या शनिवारी काय करू?

फळ्यामागची_बाई

नमस्कार. बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सातवी-आठवीला शिकवते. आमच्या गावातली निम्मीअधिक घरं दिवाळी उरकली की ऊसतोडीला जातात. नवराबायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेस्तोवर कोल्हापूर, सांगली, नाहीतर थेट कर्नाटक. पोरं मागे आजी-आजोबांपाशी. माझ्या दोन वर्गांची मिळून ३४ मुलं, त्यातली २१ आत्ता आईबापावाचून आहेत. जेवण हंगामी वसतिगृहाचं, झोप आजीच्या गोधडीत.

‘ताण’ हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नाही. आमच्याकडे पोट दुखतं. डिसेंबर लागला की पोट दुखणाऱ्यांची रांग वाढते आणि आईबाप परतले की आपोआप ओसरते. आठवीतला एक मुलगा दर सोमवारी मारामारी करतो. रविवारी संध्याकाळी फडावरून फोन यायचा असतो आणि तो येत नाही, हे कळायला मला दीड वर्ष लागलं. सातवीतली एक मुलगी रोज पहिल्या तासाला उशिरा येते, कारण दोन भावंडांची आंघोळ तिच्याकडे असते. मी तिला तीन महिने उशिराबद्दल बोलत होते. असो.

‘आनंददायी शनिवार’ या शालेय उपक्रमाचं निमित्त साधून मी सिनेमे दाखवायचं ठरवलं. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही आहे, इन्व्हर्टर आहे, खिडक्यांना लावायला आमच्या घरचे दोन जाड पडदे आहेत. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, दाखवा, पण अहवाल लिहा.”

पहिला ‘एलिझाबेथ एकादशी’. पंढरपूरची भावंडं, वडील गेलेले, आईचं स्वेटर विणायचं मशीन कर्जापायी गेलेलं, आणि सायकल विकायची वेळ येऊ नये म्हणून वारीच्या गर्दीत बांगड्या विकायला निघालेली पोरं. वर्ग हसला, टाळ्या पडल्या. आणि मग मी माती खाल्ली. फळ्यावर लिहिलं: ‘या चित्रपटातून काय बोध मिळतो? पाच ओळी लिहा.’ आलेल्या ३४ वह्यांपैकी तिसाच्या वर वह्यांत एकच उत्तर: आईवडिलांचा आदर करावा, संकटात डगमगू नये, कष्टाला पर्याय नाही. दोघांनी तर ‘डगमगू’ हा शब्द सारख्याच चुकीनं लिहिलेला. एकाच मुलानं वेगळं लिहिलं: ‘त्या पोरांना निदान माहीत होतं किती पैसे भरायचेत. आमच्या घरी उचल किती घेतली ते सांगत नाहीत.’ त्या ओळीखाली मी लाल पेनानं बरोबरची खूण केली. दुसरं काय करावं सुचलंच नाही.

दुसरा ‘किल्ला’. वडील वारलेला चिन्मय, आईची पुण्याहून कोकणात झालेली बदली, नवी शाळा, नवे मित्र. किल्ल्यात पाऊस येतो आणि मित्र त्याला मागे सोडून जातात, तिथे वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. सिनेमा संपल्यावर मी दिवा लावला आणि विचारलं, “तुम्हाला कधी असं एकटं वाटलंय का?” एक हात वर आला नाही. मागच्या बाकावरचा सोमवारवाला हसला. उशिरा येणारी मुलगी पाणी प्यायला म्हणून उठली, ती शाळा सुटली तरी टाकीच्या मागेच बसून होती.

सोमवारी तिची आजी शाळेत आली. भांडायला नाही आली, पण म्हणाली, “बाई, पोरीला काय दाखवलं ओ? रातभर म्हणत होती, आईला फोन लाव. तिच्या आईपाशी फोन कुठाय?”

तेव्हापासून हात आखडलाय. माझं डी.एड. झालंय, समुपदेशन मी शिकलेले नाही. सिनेमे थांबवू का? चालू ठेवायचे तर कुठले? आणि संपल्यावर नेमकं बोलायचं काय?

---

खाडीपलीकडचा_मास्तर

बाई, थांबवू नका. पण ‘तुम्हाला कधी वाटलंय का’ हा प्रश्न जन्मात पुन्हा विचारू नका. मी तो पाच-सहा वर्षं विचारत होतो, म्हणून सांगतो.

मी रत्नागिरी जिल्ह्यात मास्तर होतो, आता निवृत्त. आमच्याकडे ऊस नाही, मुंबई आहे. बाप चाकरमानी, गणपतीला आणि शिमग्याला येणार, बाकी वर्ष आई, आजी आणि पोस्टातून आलेले पैसे. म्हणजे तुमचं दुखणं आमच्या ओळखीचं आहे, फक्त तुमच्याकडे आईही जाते. ते जास्त अवघड.

‘श्वास’ २००४ साली आला. मी तो सीडीवर दाखवला, टीव्ही भाड्याचा, दोन वेळा वीज गेली. गोष्ट ठाऊक असेल: कोकणातला लहानगा परशा, डोळ्यांचा कर्करोग, जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार, आणि आजोबा त्याला शहरातल्या दवाखान्यात घेऊन आलेले. माझं ‘श्वास’चं पहिलं वर्ष तुमच्यासारखंच फुकट गेलं. मी विचारलं, “परशाच्या जागी तुम्ही असता तर?” पोरं जमिनीकडे बघायला लागली. बारा वर्षांच्या पोराला सगळ्यांसमोर अंगातला सदरा काढ म्हटल्यासारखंच आहे ते.

दुसऱ्या वर्षी चुकून बरोबर झालं. ऑपरेशन लांबतं आणि आजोबा कुणालाही न सांगता नातवाला दवाखान्याबाहेर घेऊन जातात, डोळे आहेत तोवर त्याला सगळं दाखवून आणायला. इकडे शोधाशोध, डॉक्टर भडकलेले. तिथे नेमकी वीज गेली. वेळ काढायचा म्हणून मी विचारलं, “काय रे, आजोबांनी केलं ते बरोबर की चूक?” बाई, वर्ग पेटला! अर्धे आजोबांच्या बाजूनं, अर्धे डॉक्टरच्या. एक पोरगी ताडकन उठून म्हणाली, “डॉक्टरांनापण काळजीच होती, म्हणून ते रागावले. काळजी वाटली की मोठी माणसं ओरडतात.” हे मी शिकवलं असतं तर तासभर लागला असता आणि कुणाच्या डोक्यात शिरलं नसतं. मग तोच धागा पकडून एक पोरगा आपणहून बोलला: “माझे बाबा मुंबईत आजारी होते, मला दोन महिन्यांनी सांगितलं. सांगायला पाहिजे होतं.” मी फक्त “हं” म्हटलं. पुढचा प्रश्न विचारला नाही. चार दिवसांनी तो माझ्याबरोबर होडीपर्यंत चालत आला आणि बाकीचं तिथे बोलला.

तेव्हा पात्राबद्दल विचारा, पोराबद्दल नको. ज्याला बोलायचंय तो पात्राच्या आडून बोलतो, ज्याला नाही बोलायचं त्याची झाकली मूठ राहते. आणि प्रश्न असा हवा की त्याचं एकच शहाणं उत्तर नसावं. ‘बोध काय’ या प्रश्नाची उत्तरं पोरांना पहिलीपासून पाठ असतात; तीस वह्या एकसारख्या आल्या यात पोरांचा काही दोष नाही.

‘किल्ला’ निवड चांगली आहे, पण तुम्ही सगळं लक्ष चिन्मयवर ठेवलंत. आई बघा ना त्यातली. नवरा गेलेला, बदली झालेली, नव्या कचेरीत तिच्यावर वेगळंच दडपण, आणि घरी आलं की पोरगा तोंड फुगवून बसलेला. आईलाही भीती वाटते, आईही दमते, हे पोरांना खरंच ठाऊक नसतं. त्यांना आई एवढीच ठाऊक असते की ती चिडते, नाहीतर फोन लवकर ठेवते. एखाद्या दृश्यात टीव्ही थांबवून विचारा: आत्ता आईच्या मनात काय चाललंय, आणि ती ते बोलत का नाही? तुमच्या २१ जणांना या प्रश्नाचं काम जास्त आहे.

बारीकसारीक: तुम्ही पडद्याशेजारी उभं राहून पोरांची तोंडं न्याहाळत होतात ना? मीही न्याहाळायचो. पोरांना ते कळतं. मागे जाऊन भिंतीला टेकून बसा. संपल्या संपल्या दिवा लावू नका, नावं सरकू द्या, दोन मिनिटं अंधार राहू द्या. आदल्या दिवशी सिनेमा एकट्यानं पूर्ण बघा आणि थांबायच्या जागांची वेळ कागदावर टिपून ठेवा. पूर्ण सिनेमा एका दमात दाखवायलाच हवा असंही नाही, दोन शनिवारांत तोडलात तर मधला आठवडाभर पोरं आपसात बोलतात, ते तुमच्या चर्चेपेक्षा सरस असतं.

मुख्याध्यापक कायद्याला घाबरत असतील तर सांगा: कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळेत विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरता सिनेमा दाखवायला सवलत आहे. मात्र गावात फिरणारा चोरीचा पेनड्राइव्ह त्यात बसत नाही. सरळ मार्गानं मिळवलेलाच दाखवा. पोरं तेही बघत असतात.

---

गणित_एके_गणित

मी वाईटपणा घेतो. आठवीतल्या पोराला तीन अंकी भागाकार येत नाही आणि आपण दोन-दोन तास सिनेमे दाखवायचे? वर पुन्हा पोरगी रडली, आजी शाळेत आली. घरी जे दुःख आहे ते शाळेत मोठ्या पडद्यावर कशाला? शाळा ही एक जागा तरी अशी असू द्या जिथे पोरगं घरचं विसरतं. उद्या एखाद्या पालकानं तक्रार केली तर बाईंच्या मागे कोण उभं राहणार, हे लिहिणारे की केंद्रप्रमुख?

---

फळ्यामागची_बाई

@गणित_एके_गणित, तक्रारीचं तुमचं खरं आहे, तीच भीती आहे. भागाकाराचंही खरं आहे. पण सर, सोमवारी मारामारी करून आलेल्या पोराला मी मंगळवारी भागाकार शिकवून पाहिलाय. तो वहीवर पेन दाबून दाबून कागद फाडतो.

@खाडीपलीकडचा_मास्तर, तोंडं न्याहाळण्याचं वाचून लाज वाटली. मी खरंच टीव्हीशेजारी उभी होते, हातात डायरी घेऊन. अहवालासाठी टिपणं काढत होते.

---

वाढेवाला

बाई, मी ह्यातलाच. माझे आईबाप अजून कोयत्यावर हायेत, मी पुण्यात बीएस्सीला आहे. तिसरी ते सातवी काही वर्षं गावात आज्जीपाशी काढली, काही वर्षं कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. पहाटं आई मोळ्या बांधायला गेली की मी बारक्या भावाला धरून बसायचो, आणि दिवसा रस्त्यावर वाढे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा चारा, विकायचो. आयडीचं नाव त्याच्यावरून.

सहावीला एका सरांनी आम्हाला दुष्काळाचा पिक्चर दाखवला. कर्ज, सावकार, गळफास. सरांना वाटलं आम्हाला आपलं वाटंल. आम्ही सगळे पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसलो. आमच्या वर्गात तीन पोरं बिनकोयत्याची होती, दुकानदाराची वगैरे. ती आमच्याकडं वळून वळून बघत होती. त्या दिवशी मला माझी चड्डी फाटकी आहे हे पहिल्यांदा कळलं. म्हणून माझं म्हणणं, उसाच्या फडातला पिक्चर शोधू नका. आम्हाला आमच्यासारखं पोरगं पडद्यावर नको असतं, निदान बाकीच्यांच्या देखत नको.

माझ्यावर जो पिक्चर बसला तो कार्टून होता. हॉस्टेलला लॅपटॉपवर बघितला, ‘इनसाइड आऊट’. अमेरिकेतली अकरा वर्षांची पोरगी, रायली. मिनेसोटातून तिला सॅन फ्रान्सिस्कोला आणतात. तिच्या डोक्यात आनंद, दुःख, राग, भीती, किळस अशी माणसं बसलेली असतात आणि आनंदबाई दुःखाला कशालाच हात लावू देत नाही. बर्फ, हॉकी, पिझ्झा, आपला काय संबंध? पण त्याच्यात आई रायलीला म्हणते, बाबांवर सध्या लई ताण आहे, तू हसत राहिलीस तर आम्हाला मदत होईल. तिथं मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत गेलो. कारण आमच्या घरी ते कुणी बोललं पण नव्हतं आणि तरी मी पाच वर्षं तेच केलं होतं. फोनवर आईनं विचारलं, बरा हायेस का, की मी म्हणायचो, एकदम मजेत. रडलो असतो तर ती तिकडं फडात रडली असती, मुकादमानं शिव्या दिल्या असत्या. पिक्चरमधी शेवटाला ती पोरगी आईबापापुढं रडती, मला जुनं घर आठवतंय म्हणती, आणि ते तिला रागवत नाहीत. जवळ घेतात. मी हे एकोणीस वर्षांचा असताना बघितलं. तेरा वर्षांचा असताना बघायला पाहिजे होतं.

आणि अजून एक. तुम्ही लिहिलंय, पोरगी रातभर आईला फोन लाव म्हणत होती. बाई, ह्यात वाईट काय झालं? आईची आठवण आली आणि ती तोंडानं बोलली. मी कधीच बोललो नाही. वाईट एवढंच की फोन लागला नाही. ते पिक्चरनं केलेलं नाही.

---

खाडीपलीकडचा_मास्तर

@वाढेवाला, पस्तीस वर्षं मास्तरकी केली, पण बिनकोयत्याची पोरं वळून बघतात हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तुझं बरोबर आहे. माझ्या वर्गात ‘श्वास’ चालला, कारण परशाला झालेला आजार वर्गात कुणालाच नव्हता. आजोबा मात्र सगळ्यांनाच होते.

---

समुपदेशक_ठाणेकर

उशिरा येतेय, थोडक्यात लिहिते. किशोरवयीन मुलांबरोबर काम करते.

सिनेमा दाखवून मानसिक आरोग्याबद्दल बोलायची वाट महाराष्ट्रात नवी नाही. डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. ‘अस्तु’ आणि ‘कासव’ दाखवून त्यांनी प्रेक्षकांशी केलेल्या गप्पा ज्यांनी ऐकल्यात त्यांना कळेल, की सिनेमाइतकंच वजन नंतरच्या बोलण्याला असतं. स्मृतिभ्रंश झालेले वडील आणि त्यांना सांभाळताना मेटाकुटीला आलेली मुलगी, हा ‘अस्तु’चा विषय शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी उत्तम. ‘कासव’ची सुरुवातच आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या तरुणापासून होते. सिनेमा फार संयमानं केलेला आहे, २०१६ सालच्या सुवर्णकमळाचा मानकरी आहे, पण सातवी-आठवीच्या वर्गाला तो दाखवू नका. तो मोठ्यांनी बघावा. ‘नाळ’सुद्धा जपून. त्यातल्या लहान मुलाला कळतं की आपली आई ही जन्मदाती नाही. वर्गात दत्तक किंवा काकू-मावशीनं वाढवलेलं मूल असेल तर आधी घरी बोलून घ्या.

बाई, तुमची एक गोष्ट राहिली, तीच पुढच्या वेळी आधी करा. सिनेमा सुरू करण्यापूर्वी दोन वाक्यांत सांगून टाका की यातल्या मुलाचे वडील वारलेले आहेत, काही जागा जड आहेत, आणि ज्याला उठावंसं वाटेल त्यानं उठून अमुक ठिकाणी जाऊन बसावं, कुणी विचारणार नाही. ती जागा ठरवून ठेवा आणि तिथे एखादं मोठं माणूस असू द्या, खिचडीवाल्या मावशीसुद्धा चालतील. तुमची मुलगी टाकीमागे गेली, कारण जायला ठरलेली जागा नव्हती.

कुणी रडलं तर ‘रडू नको’ म्हणू नका. पाण्याचा पेला द्या, शेजारी बसा, हवं तर दोघं मिळून सावकाश श्वास सोडा. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ. बस, इतकंच. पण दोनेक आठवडे झोप नाही, जेवण तुटलंय, सतत एकटं राहतंय, किंवा ‘मी नसतो तर बरं’ असं काही बोललं, तर मात्र ते सिनेमाचं आणि शिक्षकाचं काम राहत नाही. असं शेवटचं वाक्य कानावर आलं तर आठवड्यांची वाट बघू नका, त्याच दिवशी हला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत, तुम्ही शिक्षक म्हणूनही सल्ला विचारू शकता. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मुलांची हेल्पलाइन १०९८.

@गणित_एके_गणित, पालकांच्या तक्रारीवर एक साधा उपाय आहे. आज्यांनाही सिनेमाला बोलवा. मुलं ज्यांच्याकडे राहतात त्यांनी तोच सिनेमा बघितलेला असला की रात्री घरी बोलायला विषय असतो. आणि खरं सांगायचं तर साठीत पुन्हा पोरं वाढवायला लागलेल्या त्या आज्यांचा ताण कुणी मोजतच नाही.

---

फळ्यामागची_बाई

तीन आठवड्यांनी लिहितेय. मध्ये केंद्रस्तरीय स्पर्धा होत्या.

नवा सिनेमा लावला नाही. ‘किल्ला’च पुन्हा काढला, फक्त मित्रांचा भाग. आधी सांगितलं की ज्याला नको वाटेल त्यानं स्वयंपाकघरात मावशींकडे जायचं, तिथे वाटाणे सोलायचेत. सुरू व्हायच्या आधीच चौघं गेली, त्यातल्या दोघांना नुसते वाटाणे खायचे होते. मी मागच्या भिंतीला टेकून बसले, डायरी कपाटात.

मित्र चिन्मयला किल्ल्यात सोडून गेलेले असतात तिथे थांबवलं आणि विचारलं, “मुद्दाम सोडून गेले, का विसरले?” पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ. मुद्दाम! नाही, विसरले! तो नवा आहे ना, म्हणून! दुकानदाराचा मुलगा म्हणाला, “हाक तरी मारायची.” मग सोमवारवाला, जो मागच्या वेळी हसला होता, तो उभा राहिला नाही, बसल्या बसल्याच बोलला: “मुद्दाम नसतंय. पाऊस आला की समदे पळतेत. पळताना मागं बघता येत नाही.”

मी “हं” म्हटलं. मास्तरांनी सांगितलेलं ते “हं” म्हणायला किती जड असतं हे मला त्या दिवशी कळलं, कारण जिभेवर पुढचे चार प्रश्न तयार होते.

त्यावर उशिरा येणारी मुलगी म्हणाली, “पण मग नंतर येऊन सांगायचं ना, की पाऊस होता म्हणून.” आणि वर्ग चिन्मयच्या मित्रांनी माफी मागावी की नाही यावर भांडत राहिला, घंटा होईपर्यंत. ऊसतोड हा शब्द कुणी काढला नाही. मीही नाही.

@वाढेवाला, तुझं फोनचं वाचून मी दोन मुकादमांना गाठलं. एकानं उडवून लावलं. दुसरा म्हणाला, बुधवारी कारखान्यावर गाड्या खाली व्हायला वेळ लागतो, तेव्हा आठनंतर लावा, मी देतो बायांना फोन. आता बुधवारी रात्री माझा फोन आणि मी, दोघी मारुतीच्या पारावर. पहिल्या बुधवारी आठ पोरं आली, तिघांचे फोन लागले, एकाला वडिलांचा आवाज ओळखू आला नाही, इतके ते खोकत होते. उशिरावालीची आई मिळाली. पोरगी साडेतीन मिनिटं बोलली, त्यातली तीन मिनिटं भावंडांच्या सर्दीबद्दल. शेवटी म्हणाली, “आये, मला करमत नाही.” तिकडून काय उत्तर आलं ते मी ऐकलं नाही, पाराच्या पलीकडे गेले होते.

पोटदुखी चालूच आहे. सोमवारची मारामारी एका सोमवारी झाली नाही, पुढच्या सोमवारी झाली. @गणित_एके_गणित, भागाकार मंगळवार-गुरुवार शाळा सुटल्यावर अर्धा तास जास्त घेतेय, तुमच्याकडे काही सराव-पत्रकं असतील तर पाठवा.

या शनिवारी ‘श्वास’, आज्यांसकट. सतरा जणी येते म्हणाल्यात, एकीनं विचारलंय की त्यात देवाचं काही आहे का. सतरंज्या मंदिरातून मिळतील. इन्व्हर्टर पावणेदोन तास टिकतो का, तेवढं शुक्रवारी रिकाम्या वर्गात लावून बघायचंय.